सरांसाठी एक धून : शाळेच्या बँडवर संगीत शिक्षकांना मानवंदना



आपल्या शाळेत परिपाठाला पेटी कोण वाजवतं? संगीताचं पद नसलं तरी बहुतेक शाळांत असा एक माणूस असतोच. कधी ते मराठीचे सर असतात, कधी पहिलीच्या बाई, तर कधी गावच्या भजनी मंडळातले पेटीवाले बाबा, जे स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा दिवस फुकट येऊन लेकरांना गाणी बसवून देतात. हे लोक निवृत्त होतात किंवा बदलून जातात तेव्हा आपण काय करतो? शाल, श्रीफळ, फेटा, आठ भाषणं. आणि ज्यांनी तीस वर्षं मुलांना सूर दिला त्यांच्याच निरोपाला गाणी वाजतात ती मोबाईल जोडलेल्या स्पीकरवर!

या लेखात मला एक वेगळा उपक्रम मांडायचा आहे. संगीत शिक्षकांचा सन्मान संगीतातच करायचा. मुलांनी त्यांच्यासाठी एक छोटी धून तयार करायची, शाळेच्या बँडवर बसवायची आणि त्यांच्यासमोर वाजवायची. पाचवी ते आठवीच्या मुलांना हे जमतं. त्यासाठी महागडी वाद्यं लागत नाहीत. लागतो तो वेळ, साधारण सात-आठ आठवडे.

बाहेर काय करतात

अमेरिकेत, जपानमध्ये शाळा-कॉलेजांत कॉन्सर्ट बँड असतो. आपल्या लग्नाच्या बँडसारखीच वाद्यं, म्हणजे क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम, पण मिरवणुकीत चालत नाही तर खुर्च्यांवर बसून, समोर कागद ठेवून वाजवतात. तिकडे बँडचे शिक्षक निवृत्त झाले की माजी विद्यार्थी वर्गणी काढतात आणि एखाद्या संगीतकाराकडून नवी रचना लिहून घेतात. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या विद्यापीठात बँड शिकवणारे रे लिक्टेनवॉल्टर निवृत्त झाले तेव्हा डेव्हिड मास्लांका या संगीतकाराने २००३ साली त्यांच्यासाठी 'ट्रॅव्हलर' म्हणजे 'प्रवासी' ही रचना केली. सुरुवात दणक्यात होते आणि पुढे ती शांत होत आत वळते. तीत एकही शब्द नाही. तरी ऐकणाऱ्याला कळतं की कुणाच्या तरी लांबच्या वाटचालीबद्दल हे चाललंय.

मला त्याहून जास्त आवडते ती पर्सी ग्रेंजर यांची गोष्ट. हा माणूस १९०५-०६ च्या सुमारास इंग्लंडच्या लिंकनशायर भागात खेडोपाडी फिरला आणि म्हाताऱ्या गायकांकडून लोकगीतं ऐकून उतरवून घेतली. त्या काळातलं मेणाच्या नळीवर आवाज उतरवणारं यंत्रही त्याने वापरलं. पुढे १९३७ मध्ये त्या गाण्यांवर बँडसाठी रचना केली, 'लिंकनशायर पोझी'. ती त्याने त्या गायकांनाच अर्पण केली. त्यातली खुबी अशी की गायक जिथे अडखळायचा, जिथे श्वास घ्यायला थांबायचा, ते सगळं त्याने तसंच ठेवलं. ताल सरळ करून घेतला नाही. पहिल्या प्रयोगाला बँडवाल्यांना ते इतकं अवघड गेलं की सहापैकी तीनच भाग वाजवता आले. म्हणजे ती गाण्यांची मांडणी तर होतीच, शिवाय माणसांची चित्रंही होती. आपल्या उपक्रमाचं बीज इथेच आहे, पुढे सांगतो.

आणि गुस्ताव होल्स्ट! मोठमोठ्या ऑर्केस्ट्रा ज्याची 'द प्लॅनेट्स' वाजवतात तो हा संगीतकार १९०५ पासून १९३४ साली मरेपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिक्षक होता. शाळेने त्याला काम करायला बाहेरचा आवाज न येणारी एक खोली बांधून दिली. त्याने शाळेच्या वाद्यवृंदासाठी 'सेंट पॉल्स सूट' लिहून उतराई केली. हाच होल्स्ट संस्कृत शिकला होता, ऋग्वेदातल्या सूक्तांना त्याने चाली दिल्या आणि सावित्रीच्या कथेवर संगीतिकाही लिहिली. मुलांना ही माहिती सांगून बघा, कान टवकारतात.

आपल्याकडचं काय?

आपल्याकडं ही परंपरा जुनी आहे, फक्त तिचं रूप वेगळं आहे. आपण तर हिंगोली जिल्ह्यातले. नरसी आपल्याच जिल्ह्यात, आणि औंढा नागनाथही. परंपरा सांगते की गोरोबाकाकांनी संतमंडळींची मडकी तपासली तेव्हा नामदेव कच्चं मडकं ठरले, आणि मग गुरूच्या शोधात ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवायला गेले तर तिथेही पिंड. ही गोष्ट आपल्या भागातल्या लेकरांना आजीकडून ऐकून माहीत असते. देऊळ फिरल्याचीही आख्यायिका आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला जायला सांगितलं आणि देवळाने तोंड फिरवलं. सहल औंढ्याला गेली की नंदी कुठं आहे ते मुलांना शोधायला लावा. तो मागच्या बाजूला सापडतो, आणि मग प्रश्न आपोआप सुरू होतात. "खरंच फिरलं का सर?" याला 'लोक असं सांगत आलेत' एवढंच उत्तर पुरे.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. नामदेवांच्या अभंगांत खेचर हे नाव येतं. शिष्याने गुरूचं नाव गाण्यातच गुंफून ठेवलं. नामदेव पंजाबपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, घुमानला आजही त्यांचं स्थान आहे. औंढ्याच्या गुरूचं नाव आपल्यापर्यंत पोचलं ते गाण्यामुळे. ताम्रपट किंवा सत्काराचं मानपत्र असतं तर ते कधीच कुठेतरी गेलं असतं.

शाळेतलं संगीत म्हटलं की पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचं नाव घ्यावंच लागतं. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळेचं शिक्षण अवघड झालं, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, तेही कुठल्या संस्थानिकाच्या तिजोरीवर नाही तर लोकांच्या पैशावर. गाणं घराण्याच्या बैठकीतून उठून फळ्यासमोर आलं, वेळापत्रकात बसलं, त्याची पुस्तकं छापली गेली, परीक्षा झाल्या. आज आपल्याला साधी वाटणारी ही गोष्ट त्या काळात मोठी होती. संस्था चालवताना डोक्यावर कर्ज झालं आणि मुंबईची इमारत हातची गेली.

१९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेत ते गेले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढलं. मुंबईत बी. आर. देवधर १९२५ पासूनच शाळा चालवत होते. कुमार गंधर्व तिथेच घडले. तुमच्या ओळखीचं एखादं लेकरू हार्मोनियमची 'प्रारंभिक' किंवा तबल्याची 'प्रवेशिका' देत असेल तर ते याच मंडळाच्या परीक्षेला बसतं. म्हणजे शिष्यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना अजून चालू आहे आणि आपल्या घरापर्यंत आलेली आहे. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात महोत्सव सुरू केला, तो तर सगळ्यांना ठाऊक आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट मात्र मनाला लागते. हे बहुतेक सगळं गुरू गेल्यावर झालं. आपल्या हातात ते जिवंत असताना करायची सोय आहे.

हे आत्ताच का करायचं

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या १०० च्या वर असेल तर कलेसाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. आपल्या किती शाळांचा पट तिथपर्यंत जातो? आणि तिथे गेला तरी कला म्हणजे आधी चित्रकला. संगीत ज्याला आवडतं त्याच्या गळ्यात पडतं. तो माणूस असेपर्यंत पेटी वाजते. तो गेला की पेटी कपाटात, भात्याला उंदीर लागतात, आणि परिपाठ स्पीकरवर. राष्ट्रगीत ५२ सेकंद, राज्यगीत १ मिनिट ४१ सेकंद, बटण दाबलं, झालं. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे २०२३ मध्ये राज्यगीत झालं तेव्हा किती छान संधी होती मुलांना ते पेटीवर बसवून द्यायची! बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग लागलं. रेकॉर्डिंग वाईट नाही, पण रेकॉर्डिंगला मुलाचा चुकलेला सूर ऐकू येत नाही.

म्हणून हा उपक्रम नुसता निरोपाचा नको. सर जायच्या आधी त्यांच्याकडचं मुलांच्या हातात उतरून घ्यायचं, हा त्यामागचा खरा हेतू.

आधी गोळा करायचं

पहिले दोन आठवडे वाद्याला हात लावायचा नाही. ग्रेंजरसारखं फिरायचं. मुलांना वही द्या आणि शोधायला लावा. सर पहिल्या दिवशी कुठला पलटा शिकवतात? पेटीवर सा कुठल्या पट्टीला धरतात? ताल देताना टेबलावर टिचकी मारतात की मांडीवर थाप? मुलं चुकली की तोंडातून काय निघतं? माजी विद्यार्थ्यांना विचारायला लावा, गावातच भेटतात. कुणी किराणा दुकानात असेल, कुणी हळदीच्या शेतात, कुणी आई होऊन त्याच शाळेत लेकरू सोडायला येत असेल. यांनी सांगितलेलं मुलं लिहून आणतील, ते वर्गात वाचा.

यातून चाल सापडते. समजा तुमचे सर सारखे "पुन्हा एकदा" म्हणतात. चार मात्रांत ते असं बसतं :

पुन्हा | एऽ | कदा | ऽ

पहिल्या मात्रेत दोन ठोके, दुसरीत एक, तिसरीत दोन, चौथी रिकामी. हेच साइड ड्रमवर किंवा हलगीवर वाजवा. शब्द न उच्चारता सगळ्या शाळेला कळेल हे कुणाचं बोलणं आहे! मुलं हसतील, हसू द्या. सरांची नक्कल वाटेल अशी भीती काहींना वाटते. पण नक्कल आणि मानवंदना यात फरक असतो तो मन लावून ऐकण्याचा, आणि तो फरक मुलांना समजतो.

वाद्यं आणि पट्टी

आता तांत्रिक भाग, जरा सावकाश वाचा. इथेच बहुतेक शाळांची गाडी अडते.

ज्या शाळेत बँड आहे तिथे साधारणपणे बिगूल, साइड ड्रम, मोठा ढोल आणि झांज असते. बिगुलाला छिद्रं किंवा बटणं नसतात, त्यामुळे ओठ आवळून-सैल करून ठरावीक सूरच निघतात. सा, प, वरचा सा, वरचा ग आणि वरचा प, एवढेच कामाचे. रे नाही, ध नाही. म्हणून बिगुलाला पूर्ण चाल देऊ नका, त्याला फक्त टेकू द्यायला ठेवा. बहुतेक बिगुलांचा सा काळी पाचच्या आसपास येतो. तुमचा कुठे येतो ते पेटीशी लावून बघा, आणि पेटीवाल्याला तोच सा धरायला सांगा. पेटीला पट्टी बदलता येते, बिगुलाला नाही. हे उलटं केलं की सगळं बेसूर.

राग भूप घ्या. सा रे ग प ध, पाचच सूर, म आणि नि नाहीत. काळी पाच सा धरला तर गंमत बघा, रे ग प ध चारही पांढऱ्या पट्ट्यांवर येतात : पांढरी एक, दोन, चार आणि पाच. पेटी नव्याने शिकणाऱ्या मुलाला एवढं सोपं दुसरं काही मिळणार नाही. पाचवी-सहावीच्या मुलांच्या गळ्यालाही ही पट्टी झेपते. बासरी असेल तर ती याच पट्टीची हवी.

बँडच नसेल तर? टाळ, ढोलकी, हलगी, लेझीम आणि एक पेटी. गावात पखवाज वाजवणारे कुणी ना कुणी असतातच, त्यांना बोलवा. आपल्या जिल्ह्यात दिंडी निघत नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. वाद्यं देवळात असतात, मागितली की मिळतात.

धून बांधताना

सुरुवात शांततेने करा. एक मूल पेटीवर नुसता सा धरतं. तेवढाच सूर, दहा-बारा सेकंद. मग सगळ्यांत लहान वर्गातली मुलं सरांचा पहिला पलटा म्हणतात. भूपात तो असा होतो :

सारेग, रेगप, गपध, पधसां

गाऊन झाला की तोच बासरीवर, मग पेटीवर. एकेक वर्ग येत जातो, जशी सरांकडे एकेक तुकडी येत गेली. इथे घाई करू नका. मुलांना सगळं एकदम जोरात वाजवायची हौस असते.

मग ढोलकीवर केहरवा सुरू होतो. आठ मात्रा, धा गे ना ती, न क धि ना. लेझीमवाले चार-चारच्या मोजणीत मिळतात. मधेच सगळं थांबतं आणि एकट्या हलगीवर "पुन्हा एकदा" वाजतं. त्यावर सगळे पुन्हा पहिल्या पलट्याकडे जातात, पण आता दुगुणीत, आणि बिगूल दर सा ला टेकू देतो. वर्गात रोज होतं तेच हे. चूक, थांबणं, पुन्हा एकदा, आणि या वेळी बरं.

शेवटी तिहाई. मोठं नाव ऐकून घाबरू नका. एकच तुकडा तीन वेळा आणि शेवटचा सूर समेवर, एवढंच. आठ मात्रांच्या केहरव्यात हे फार सोपं जमतं :

ग रे सा, ग रे सा, ग रे सा

दर सूर एक मात्रा. समेपासून सुरू केलं की नऊ सूर होतात. आठ मात्रांचं आवर्तन संपतं आणि नववा सूर, म्हणजे शेवटचा सा, बरोबर पुढच्या समेवर पडतो. मुलांना आधी हे टाळ्यांवर मोजायला लावा. गणिताच्या तासालाही चालेल, तीन त्रिक नऊ आणि आठाने भागून बाकी एक. बिगूल फक्त सा वाजवतो, म्हणजे तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या मात्रेला. शेवटच्या सा वर सगळी वाद्यं एकत्र, आणि लगेच बंद.

सगळं मिळून तीन-चार मिनिटं होतात. एवढी पुरेत. लांबवलं की मुलं दमतात आणि पाहुणे मोबाईल काढतात.

लिहून ठेवा

हे सर्वांत महत्त्वाचं आणि हेच राहून जातं. पूर्ण धून स्वरलिपीत मोठ्या पुठ्ठ्यावर लिहा. मात्रांचे रकाने पाडा, वर सूर, खाली बोल. वरच्या सप्तकाला टिंब, खालच्या सप्तकाला खाली टिंब, ही भातखंडे पद्धत सातवीच्या मुलांना एका तासात कळते. खाली सरांचं नाव, वर्ष आणि वाजवणाऱ्या सगळ्या मुलांची नावं, अगदी झांजवाल्याचंसुद्धा. एक प्रत दप्तरी फाईलला लावा. पुढच्या वर्षी नवीन शिक्षक आले आणि त्यांना संगीत येत नसलं, तरी आठवीची मुलं सहावीच्या मुलांना त्या पुठ्ठ्यावरून शिकवू शकतात.

पालकांसाठी दोन शब्द

सरावाचा वेळ म्हणजे अभ्यासाचा वेळ गेला असं समजू नका. मूल घरी ताटावर केहरवा वाजवायला लागलं तर लगेच रागावू नका, निदान आठ मात्रा पूर्ण होऊ द्या. तुमच्यापैकी कुणी भजनात टाळ धरत असेल, कुणाला पेटी येत असेल, तर एक शनिवार शाळेला द्या. आणि मुलींना ढोल-बिगूल द्यायला नको असं कुठेकुठे अजूनही ऐकू येतं. राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलींचा ब्रास बँड आणि मुलींचा पाईप बँड असे स्वतंत्र गट आहेत, हे त्यांना सांगा.

कधी वाजवायचं?

गुरुपौर्णिमा शाळा उघडल्यावर लगेच येते, तयारीला वेळ पुरत नाही. ५ सप्टेंबर सोयीचा. निवृत्ती असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, परिपाठाच्या वेळी, मैदानावरच. सरांना मंचावर खुर्चीत बसवू नका. त्यांना मुलांच्या समोर उभं करा, रोज उभे राहतात तिथेच, आणि पहिला सा त्यांनाच द्यायला सांगा. पुढचं काय येणार आहे हे मात्र आधी सांगू नका. हलगीवर "पुन्हा एकदा" वाजेल तेव्हा त्यांचा चेहरा बघायला मुलांना समोर नीट दिसलं पाहिजे, म्हणून उंच मुलं मागच्या रांगेत.